सर्किटचा किडा चावलाय?

दहावीचा निकाल लागला की आख्ख्या खानदानाला मी आठवते. कारण इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी करणारी मी एकटीच. प्रश्नही ठरलेला: अकरावी सायन्स की डिप्लोमा?

आधी साधा हिशेब करा. अकरावी-बारावी 2 वर्षं, मग इंजिनीअरिंग 4. एकूण 6. डिप्लोमा 3 वर्षं, मग थेट सेकंड इयरला अॅडमिशन, तिथे 3. तेही 6च! म्हणजे 'डिप्लोमात वर्ष वाया जातं' ही निव्वळ अफवा. उलट सोळाव्या वर्षीच हातात सोल्डरिंग आयर्न येतं आणि एकोणिसाव्या वर्षी नोकरी मागता येईल असं सर्टिफिकेट. घरी पैशांची ओढाताण असेल तर ही गोष्ट लहान नाही. गोम आहे ती गणितात. सेकंड इयरला लाप्लास आणि फोरियर समोर येतात, तेव्हा डिप्लोमावाल्यांची दमछाक होते. आयआयटीचा ध्यास असेल, तर मात्र बारावीच बरी.

माझ्या मावसभावाने यंदा डिप्लोमाचाच हट्ट धरला, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. काका म्हणाले, "कम्प्युटर घे, नाहीतर फी मी भरणार नाही." काकांची भीती अगदीच खोटी नाही. ईअँडटीसी करून सॉफ्टवेअर कंपनीत बसलेले माझ्याच बॅचचे कितीतरी जण आहेत. पण त्यांना तिथे घेतलं, हेही खरंच ना? उलटा प्रवास जास्त अवघड. हे काकांना पटलं. अट एकच: पोराने सी लँग्वेज पक्की करायची. झकास अट आहे, बॉस! मायक्रोकंट्रोलरशी आजही बहुतेक वेळा सीमध्येच बोलावं लागतं.

ब्रँच निवडताना चकचकीत नावांना भुलू नका. 2023 मध्ये एआयसीटीईने व्हीएलएसआय डिझाइनसाठी बी.टेक.चा मॉडेल अभ्यासक्रम आणला. छानच. पण आपल्याला चिपच डिझाइन करायचीय, हे अठराव्या वर्षी किती जणांना ठाऊक असतं? माझं मत साध्या ईअँडटीसीला. व्हीएलएसआय किंवा एम्बेडेड नंतर सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या पीजी डिप्लोमातही शिकता येतं. त्यासाठी सी-कॅट द्यावी लागते.

आणि क्युबिकलमध्ये बसून हळहळणारे तुम्ही? आयआयटी मद्रासचा बी.एस. इलेक्ट्रॉनिक सिस्टीम्स 2023 पासून सुरू आहे. जेईई लागत नाही, लेक्चर्स ऑनलाइन. बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवं, क्वालिफायर पास व्हायला हवी आणि लॅबसाठी चेन्नई गाठावी लागते. रजा आत्तापासूनच साठवायला लागा.