हाताचा इशारा आणि यंत्राचा वेग

सुतारकामातली अवजारे कशी बदलत गेली, याचा मागोवा त्यांच्या नावांतच लागतो. 'करवत' संस्कृत 'करपत्र'पासून आली. 'रंधा' फारसीतून आला. काटकोन तपासायचा 'गुण्या'ही फारसीतलाच, आणि त्याचे मूळ कोन या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत मागे जाते. 'गिरमिट' हे इंग्रजी 'गिम्लेट'चे आपल्या जिभेवर रुळलेले रूप. आज चंदगड तालुक्यातल्या एखाद्या परड्यातल्या शेडमध्ये 'कटर', 'प्लेनर', 'राउटर' हे शब्द ऐकू येतात, ते याच रांगेतले पुढचे. बाहेरून आलेले अवजार स्वीकारायचे आणि त्याचे नाव आपलेसे करायचे, हे सुतारांनी शतकानुशतके केले आहे. म्हणून यंत्र आले आणि कला गेली, हा नेहमीचा विलाप इथे फारसा उपयोगी नाही. यंत्र आल्यावर हाताकडून नेमके काय निघून गेले, हे पाहणे अधिक उपयोगी आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांचे जे जग दिसते, त्यात सुतार हा शेतकऱ्याला सर्वांत आधी लागणारा कारागीर. नांगर, कुळव, गाडीची चाके ही त्याची कामे. त्याची सगळी हत्यारे एका पोत्यात मावत आणि त्यांना लागणारी शक्ती त्याच्या दंडात असे. या शक्तीचा एक गुण सहज लक्षात येत नाही. करवत लाकडात आवळली की हात थांबतो. रंधा उलट्या नसीवर गेला की तो धडधडतो आणि मनगटाला ते कळते. ओले लाकूड तासताना निघणारी साल जड आणि लवचीक असते, सुके लाकूड कुरकुरीत साल सोडते. हात शक्ती देत होता, आणि काही बिघडते आहे याची खबरही त्याच वाटेने परत येत होती.

विजेच्या यंत्राने शक्तीचा प्रश्न सोडवला. जर्मनीत फाइन यांच्या कारखान्याने १८९५ मध्ये हातात धरता येणारे विजेचे ड्रिल बनवले. अमेरिकेतल्या ब्लॅक आणि डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्ये मिळाले. गिरमिट फिरवणाऱ्या मनगटाचे काम बोटाच्या दाबावर आले. मात्र खबर परत येण्याची वाट त्याबरोबर अरुंद झाली. घरच्या कार्यशाळेत कोणते यंत्र बदलावे, कोणते वाढवावे आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार इथून सुरू केला तर बराच गोंधळ टळतो.

आपल्याकडे घरगुती सुतारकामात बहुधा पहिले येते ते चार इंची कटर. मुळात ते फरशी आणि संगमरवर कापण्यासाठी बनलेले. स्वस्त, हलके, कुठेही मिळणारे. त्याला कार्बाइडच्या दातांचे लाकडाचे चाक लावले की प्लाय आणि फळ्या झरझर कापल्या जातात. यात काय घडते ते आकड्यांत पाहू. हे चाक ११० मिलिमीटर व्यासाचे असते आणि मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेते. म्हणजे दाताचा वेग सेकंदाला सुमारे ६९ मीटर, ताशी जवळजवळ २५० किलोमीटर. टेबलावरची १० इंची गोल करवत मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी चालवली, तर हाच वेग सेकंदाला ५३ मीटर भरतो. म्हणजे मोठ्या करवतीपेक्षा छोट्या कटरचा दात जास्त वेगाने धावतो, आणि तोही हातात धरलेल्या यंत्रात. माणसाला धोका जाणवून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्या वेळात कटरचे चाक ४० फेरे घेऊन मोकळे झालेले असते.

पुष्कळ ठिकाणी पुढची 'सुधारणा' म्हणून हेच कटर प्लायच्या फळीखाली उलटे बसवून टेबल-करवत तयार केली जाते. जुगाड कल्पक आहे, पण त्यात एक भाग राहून जातो. लाकूड चिरले जाताना त्याच्या आतला ताण मोकळा होतो आणि चिरेचे दोन्ही काठ कधी कधी परत जवळ येतात. तसे झाले की ते चाकाच्या मागच्या बाजूला आवळतात. मागचे दात खालून वर येत असतात, ते फळी उचलतात आणि माणसाच्या दिशेने भिरकावतात. चांगल्या टेबल-करवतीत चाकाच्या लगेच मागे एक उभी पोलादी पात असते. ती चिरेचे काठ मिटू देत नाही. हातकरवतीने लांब फळी चिरताना जुने सुतार चिरेत लाकडी पाचर ठोकत. ही पात म्हणजे त्याच पाचरीचे यंत्रातले रूप. घरी एकच मोठा खर्च करायचा असेल, तर तो अशी पात, चाकावरचे झाकण आणि कडेला समांतर राहणारी मजबूत पट्टी असलेल्या करवतीवर करावा.

यंत्राला इशारा कळावा यासाठी थेट प्रयत्नही झाला आहे. स्टीफन गास या अमेरिकी पेटंट वकिलाने १९९९ मध्ये एक कल्पना मांडली. त्यांचे मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचे. चाकावर सूक्ष्म विद्युत संकेत सोडायचा, बोटाचा स्पर्श झाला की शरीर वाहक असल्यामुळे तो बदलतो, आणि काही मिलिसेकंदांत ब्रेक चाकात घुसून ते थांबवतो. अशी यंत्रे महाग असतात. शिवाय फार ओले लाकूडही विजेचे वाहक असते, त्यामुळे ते कापताना ब्रेक विनाकारण पडू शकतो. भर पावसाळ्यात चंदगडसारख्या ठिकाणी ही अडचण आधी विचारात घ्यावी लागेल.

आता विजेकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, घाटमाथ्यावरचा हा तालुका. खेड्यातल्या घरात बहुधा सिंगल फेज जोडणी असते, आणि तीन फेजचा पुरवठा शेतीपंपांच्या वाहिन्यांवर पाळ्यांनी मिळतो. मोठ्या करवतीची किंवा जाडी काढणाऱ्या प्लेनरची इंडक्शन मोटर घ्यायची, तर हे गणित आधी मांडावे लागते. अशा मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर दाब २२ टक्क्यांनीच घटतो, पण जोर ६१ टक्क्यांवर येतो. मोटर गुरगुरते, फिरत नाही आणि तापते.

दोष पुष्कळदा खांबावरच्या तारेत नसून घरातून शेडपर्यंत ओढलेल्या बारीक वायरीत असतो. एक चौरस मिलिमीटर तांब्याची ३० मीटर वायर, जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे साधारण एक ओहम रोध. दोन अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर ३५ अँपिअर ओढत असेल, तर तेवढ्यातच ३५ व्होल्ट वाटेत जिरतात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली की ही गळती १५ व्होल्टच्याही खाली येते. म्हणून नव्या यंत्राआधी जाड वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पावसात ओलावणाऱ्या जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्याला याहून उपयोगी यंत्र दुसरे नाही.

बॅटरीच्या यंत्रांनी ही गाठ काही अंशी सोडवली. बिनवायरीचे ड्रिल १९६१ मध्ये बाजारात आले, पण त्याला खरा जोर आला तो २००५ नंतर लिथियम बॅटऱ्या आल्यावर. भोके पाडणे, स्क्रू कसणे, दार जागेवर बसवणे यांसाठी ती उत्तम. दिवसभर फळ्या चिरायला मात्र अजून वायरीचीच मोटर परवडते.

लाकडाचा ओलावा हा तिसरा प्रश्न. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, आर्द्रता ९० टक्के असेल तर २० टक्क्यांच्या आसपास. घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात दुसरी स्थिती महिनोन्‌महिने टिकते. गाभ्यापासून दूर, खोडाच्या कडेने कापलेली सागाची ३०० मिलिमीटर रुंद फळी १८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली, तर सुमारे साडेचार मिलिमीटरने आकसते. जाडीचा प्लेनर फळी दशांश मिलिमीटरपर्यंत सारखी करून देतो, पण फळी ओली असेल तर त्या अचूकतेला अर्थ उरत नाही. जुन्या कवाडांत चौकटीच्या खाचेत फळी सैल सोडलेली असते, ती याच हालचालीला वाव देण्यासाठी. रंध्याच्या सालीवरून ओलावा ओळखणारा हात आता प्लेनरच्या आवाजात बहिरा झाला आहे. त्याची जागा ओलावा मोजणारे छोटे मीटर भरून काढते, आणि ते प्लेनरच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त असते.

राहता राहिली धूळ. हातकरवतीचा भुसा जड, तो पायाशी पडतो. वेगवान चाक आणि सँडर लाकडाचे इतके बारीक पीठ करतात की ते तासन्‌तास हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. कठीण लाकडाची धूळ आणि नाकातला कर्करोग यांचा संबंध त्यात विशेष ठळक आहे. या धोक्याचा इशारा हाताला जुन्या काळीही मिळत नव्हता, कारण इतकी बारीक धूळ तेव्हा उडतच नव्हती. तोंडाला बांधलेला गमछा या कणांना अडवत नाही. एन-९५ दर्जाचा मुखपट्टा आणि यंत्राच्या तोंडालाच जोडलेला धूळ ओढणारा पंप, हे दोन्ही लागतात.

एवढे पाहिल्यावर क्रम आपोआप लागतो. आधी वायर, अर्थिंग आणि उजेड. मग मुखपट्टा आणि धुळीची सोय. मग ओलाव्याचे मीटर आणि फळ्या रचून सुकवायला हवेशीर जागा. त्यानंतर पात व झाकण असलेली करवत, आणि कटरची रवानगी पुन्हा फरशीकडे. जाडीचा प्लेनर त्यापुढे, राउटर सर्वांत शेवटी. ओंडके चिरायचे आरायंत्र घरी बसवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. त्याला वनखात्याचा परवाना लागतो, आणि ते काम परवानाधारक गिरणीतच करून घेणे सोयीचे.

पटाशी, गुण्या आणि एक धारदार रंधा मात्र कितीही यंत्रे आली तरी ठेवावेत. राउटरने पाडलेल्या खाचेत कूस बसत नसेल, तेव्हा केसभर लाकूड काढायला आजही पटाशीच लागते. आणि नवशिक्याने पहिले काही महिने तिच्यावरच घालवावेत. लाकूड कुठे अडते, कुठे फाटते, कुठे सहज सुटते हे त्याला तिथे कळते, आणि यंत्राचे बटण दाबण्याआधी ते कळलेले असणे गरजेचे आहे.