एक चूल, कागदावर तीन कुटुंबे

जनगणनेच्या दृष्टीने एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या दृष्टीने पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले एवढेच कुटुंब. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात सपरीत आजी-आजोबा, मधल्या खोलीत आईवडील आणि आत मुलगा, सून व नातवंडे असे एकत्र नांदणारे घर शासनाच्या दप्तरी तीन कुटुंबांचे ठरते. पहिले घर घेताना बेताची कमाई असलेल्या मोठ्या घराण्याची बहुतेक अडचण या दोन व्याख्यांमधल्या अंतरातून निर्माण होते. पैसा सगळ्यांचा जमा होतो, कागद मात्र एक-दोन नावांचाच होतो.

या अंतराचा फायदाही आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये, वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळते; ते कमाल १ लाख ८० हजार रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा होते. विवाहित मुलगा हे वेगळे कुटुंब असल्याने, वडिलांचे गावात पक्के घर आहे एवढ्यावरून पुसद किंवा वणीत घर घेणारा मुलगा अपात्र ठरत नाही. मात्र आजोबांच्या पश्चात गावच्या त्या घरावर वारस म्हणून त्याचेही नाव चढलेले असेल, तर देशात कोठेही पक्के घर नाही हे प्रतिज्ञापत्र त्याला अडचणीत आणू शकते. म्हणून अर्जाआधी गावचा उतारा काढून पाहणे शहाणपणाचे. गावातच राहणाऱ्यांसाठी ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे घरकुल असते, तर कोलाम समाजासाठी पीएम-जनमन योजनेत ही रक्कम २ लाख आहे. किमान २५ चौरस मीटरचे हे घरकुल तीन पिढ्यांना पुरत नाही, हे निराळे सांगायला नको.

कर्जाचा हप्ता महिन्याला येतो आणि कापसाचा चुकारा वर्षाकाठी, ही या जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाची खरी पंचाईत आहे. १० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर महिना सुमारे ८,६८० रुपये पडतात आणि अखेरीस जवळपास २० लाख ८३ हजार फेडले जातात. मुदत १५ वर्षे केली तर हप्ता सुमारे ९,८५० होतो, पण एकूण फेड १७ लाख ७३ हजारांच्या आसपास राहते. त्याहून बोलका आकडा पहिल्या वर्षाचा आहे, कारण २० वर्षांच्या कर्जात त्या बारा महिन्यांत भरलेल्या सुमारे १ लाख ४ हजारांपैकी जेमतेम २० हजार मुद्दलात जातात आणि उरलेले सारे व्याजात. तरत्या दराच्या, म्हणजे बाजारातील व्याजदराबरोबर बदलणाऱ्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम येथे उपयोगी पडतो. पहिल्याच हंगामात चुकाऱ्यातले २० हजार थेट मुद्दलात भरले की वर्षभराच्या हप्त्यांनी जेवढे मुद्दल फिटले तेवढेच पुन्हा फिटते. मासिक हप्ता एखाद्या सदस्याच्या पगाराच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या आवाक्यात ठेवून शेतीचे उत्पन्न असे हप्त्याच्या वर भरणे, हीच या भागाला मानवणारी रीत म्हणावी लागेल.

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँकेला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, पण मुद्रांक व नोंदणीचा खर्च सामान्यतः त्या किमतीत धरला जात नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्क मात्र करारातील किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते.

जागेचा प्रश्न त्याआधीचा. शहरालगतच्या वावरांचे लेआउट पाडून विकले जाणारे स्वस्त प्लॉट पाहताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात: जमिनीचा अकृषक, म्हणजे एन.ए. परवाना आहे काय. मूळ जमीन आदिवासी खातेदाराची आहे काय, कारण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही. आणि जुन्या वस्तीत जागा नझूलची आहे काय, म्हणजे शासनाच्या मालकीची व पट्ट्याने दिलेली, जिथे विकत मिळतो तो पट्ट्याचा हक्क. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जमिनीखालची गोष्टही तितकीच महत्त्वाची. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे उथळ पायाच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते आणि दर पावसाळ्यानंतर दार चौकटीत अडकू लागते. मुरूम लागेपर्यंत पाया नेण्याचा खर्च आधीच धरावा, मग वरचा मजला पुढच्या पिढीसाठी राहिला तरी चालेल. आजी-आजोबांची खोली आणि संडास-न्हाणी मात्र तळमजल्यावरच हवी.

आता नावाचा प्रश्न, जो बहुतेक घरांत संकोचापोटी शेवटपर्यंत काढला जात नाही. निवासी घर केवळ स्त्रीच्या, किंवा स्त्रियांच्याच, नावे घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पतीचे नाव जोडले की ती जाते. पण घर एकट्या आईच्या नावे आणि हप्ते मुलाचे, असे झाले तर सहमालक नसलेल्या मुलाला त्या व्याजावर आयकराची वजावट मागता येत नाही. उलट घर एकट्या मुलाच्या नावे असेल आणि तो मृत्युपत्राविना गेला, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार पत्नी, मुले आणि आई हे प्रथम वर्गाचे वारस ठरतात. वडील त्या वर्गात नाहीत. गावचे कवेलूचे घर किंवा दोन एकर वावर विकून ज्या वडिलांनी सुरुवातीची रक्कम उभी केली, त्यांना त्या घरात कायद्याने वाटा नाही, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. ज्याचा पैसा त्याचे नाव खरेदीखतात असावे, वाटे अपूर्णांकात लिहावेत, आणि प्रत्येक सहमालकाने मृत्युपत्र करावे, यात अविश्वास शोधण्याचे कारण नाही.

पुढे कधी आईवडिलांना आपला वाटा मुलाला, मुलीला किंवा नातवाला द्यावासा वाटला, तर निवासी मालमत्तेच्या अशा बक्षीसपत्रावर राज्यात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार असल्यास तो वेगळा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ न झाल्यास असे बक्षीस रद्द करून मागता येते. त्यासाठी सांभाळाची अट त्याच कागदात शब्दांनी लिहून घ्यावी, आणि ती एक ओळ वाढवल्याने मुद्रांक शुल्क वाढत नाही.