विश्लेषण : मैदान नसले तरी गोल्फमधील ‘पटिंग’ घरच्या फरशीवर सुधारता येते?

केळापूर तालुक्यात गोल्फ खेळायचे म्हटले, तर पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. मात्र या खेळातील निम्म्या फटक्यांच्या सरावाला मैदान लागत नाही. ते कसे, याविषयी…

पटिंग म्हणजे काय आणि त्याला इतके महत्त्व का?

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू घरंगळवत होलमध्ये टाकणे म्हणजे पटिंग. ७२ पारच्या मैदानावर प्रत्येक होलसाठी दोन याप्रमाणे ३६ पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे निम्मे फटके. खेळाडूला पिशवीत १४ क्लब ठेवता येतात. पण सर्वाधिक वापरला जातो तो पटर. अडीचशे यार्डांचा ड्राइव्ह आणि दोन फुटांचा पट, दोन्ही गुणफलकावर एकच फटका म्हणून मोजले जातात.

टोक्यो ऑलिम्पिकमध्ये काय घडले?

पुण्याचा उदयन माने टोक्योत भारताकडून पुरुष गटात खेळला. महिला गटात जागतिक क्रमवारीत २०० व्या स्थानावर असलेल्या अदिती अशोकने चौथे स्थान मिळवले. कोविडमधून उठल्यामुळे तिचे लांबचे फटके आखूड पडत होते. ही उणीव तिने पटिंगने भरून काढली. अखेर तिचा गुणफलक पारपेक्षा १५ ने कमी, तर रौप्य व कांस्यपदक विजेत्यांचा १६ ने कमी होता. शेवटच्या होलवरचा बर्डी पट हुकला आणि पदक एका फटक्याने गेले.

पट नेमका का चुकतो?

होलचा व्यास १०८ मिलिमीटर, तर चेंडूचा सुमारे ४३. सपाट हिरवळीवर तीन फुटांवरून दिशा सुमारे साडेतीन अंशांपर्यंत चुकली तरी हळू येणारा चेंडू होलच्या काठात सापडू शकतो. आठ फुटांवर मात्र ही सवलत जेमतेम सव्वा अंशाची उरते. अमेरिकेच्या पीजीए टूरवरील अव्वल खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट साधतात. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः टक्कर होते त्या क्षणी पटरचे तोंड कुठे आहे, यावर ठरते. दुसरी चूक वेगाची. जोरात आलेला चेंडू होलच्या काठावरून निसटतो, तर हळू मारलेला पोहोचतच नाही.

घरी दिशेचा सराव कसा करावा?

एक जुना पटर, दोन-तीन चेंडू आणि दोन काड्यापेट्या एवढे पुरते. फरशीची सांध ही आयती सरळ रेषा आहे. चेंडू सांधेवर ठेवावा. एक फूट पुढे दोन काड्यापेट्या उभ्या करून मध्ये साडेपाच सेंटिमीटरची फट ठेवावी. आठ फुटांवरच्या होलची सव्वा अंशाची सवलत या फटीत बरोबर बसते. चेंडू पेट्यांना न शिवता पलीकडे गेला, तर दिशा बरोबर. सुरुवातीला फट थोडी मोठी ठेवावी आणि सलग दहा पट साधले की कमी करावी. मनगटे न मोडता, खांद्यांपासून घड्याळाच्या लंबकासारखा झोका द्यावा.

अंतराचा अंदाज कसा येतो?

तीन, सहा आणि नऊ फुटांवर खडूने रेघा आखाव्यात. चेंडू रेघ ओलांडून दीड फुटाच्या आत थांबला पाहिजे. एकाच अंतरावर पन्नास पट मारण्याऐवजी प्रत्येक वेळी अंतर बदलावे. असा मिश्र सराव करताना चुका जास्त होतात, पण शिकलेले अधिक टिकते, असे हालचाली शिकण्याच्या अभ्यासात वारंवार दिसले आहे. मैदानावरही तोच पट लागोपाठ दोनदा खेळायला मिळत नाही.

नजर कुठे हवी?

कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधक जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फपटूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगले पटिंग करणारे फटक्यापूर्वी चेंडूवर नजर अधिक काळ स्थिर ठेवतात, असे त्यात आढळले. चेंडू निघाल्यावर लगेच मान वर करण्याची सवय मोडणे हा त्यावरचा सोपा उपाय. गोट्या खेळताना गल साधणाऱ्या मुलांना ही स्थिर नजर अनोळखी नाही.

या सरावाची मर्यादा काय?

फरशी दिशा शिकवते, उतार शिकवत नाही. ती हिरवळीपेक्षा वेगवानही असते, त्यामुळे अंतराचा सराव सतरंजीवर केलेला बरा. हिरवळीचा चढ-उतार, गवताचा कल आणि दवाचा परिणाम मैदानावरच कळतो. म्हणून नागपूरची फेरी टळत नाही. मात्र रोज वीस मिनिटे काड्यापेट्यांमधून चेंडू काढणारा खेळाडू तिथे पोहोचेल, तेव्हा त्याला शिकायचा राहिलेला असेल तो उतार. सरळ पट त्याने घरीच पक्का केलेला असेल.