उपवासालाही चालते, इफ्तारलाही

रमजानमध्ये दुपार कलली की अकलूजच्या बाजारात फळांच्या गाड्यांभोवती गर्दी होऊ लागते. खजूर, कलिंगड, पपई, केळी आणि सफरचंद. यातली केळी आपल्याच शिवारातली असतात. सफरचंद मात्र काश्मीर-हिमाचलातून, दोन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेले. त्याचे नावही दुरूनच आले आहे. अरबीत ‘सफरजल’ हे सफरचंदासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका फळाचे नाव. गुजरातीत त्याचे ‘सफरजन’ झाले आणि मराठीत ‘सफरचंद’. ‘हलवा’ आणि ‘मुरंबा’ हे शब्दही अरबीतूनच आलेले. आज ते कोणाच्या स्वयंपाकघरातले म्हणायचे, असा प्रश्न कोणालाही पडत नाही.

या फळाची आणखी एक गंमत आहे. एकादशीच्या उपवासाला भात-भाकरी चालत नाही, सफरचंद चालते. दिवसभराचा रोजा सोडताना खजुरानंतर फळे पुढे येतात, त्यांतही सफरचंद असतेच. दूध, साखर, तूप, वेलदोडे हेही दोन्हीकडे चालणारे. म्हणजे सफरचंदाची खीर किंवा हलवा केला, तर तो वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी निःशंकपणे जाऊ शकतो.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे शाळा भरात असताना येतो. बाल आनंद मेळावे आणि मुलांनीच मांडलेले खाऊचे स्टॉल आपल्याकडच्या शाळांना नवे नाहीत. अशा वेळी वर्गातली दोन-चार मुले रोज्याची असली, तर त्यांनी काय करायचे? कोपऱ्यात बसून बघत राहायचे की त्या दिवशी घरीच थांबायचे? सफरचंदाचा बेत ठरवला तर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते.

सफरचंद म्हटले की पुस्तकांत आणि मोबाईलवर ओव्हनमधले केक आणि पाय दिसतात. शाळेत ओव्हन नसतो, बहुतेक घरांतही नसतो. त्याने काही अडत नाही. जाड बुडाची कढई, तवा, घट्ट झाकण आणि मंद आच एवढ्यावर सगळे होते. आचेजवळचे काम शिक्षकांचे किंवा आईचे. धुणे, किसणे, मोजणे, ढवळलेले बघणे हे मुलांचे.

पहिला धडा निवडण्याचा. सफरचंदाची तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळणारी फळे शीतगृहातून आलेली असतात. काही करकरीत राहतात, काही रवाळ होतात. मुलांना दोन्ही हातात घेऊन दाबून बघू द्यावीत. करकरीत फळ चाटला, रवाळ फळ हलव्याला. थोडी मऊ फळे बहुधा स्वस्तातही मिळतात.

फळांची चाट ही सर्वांत सोपी. तिला आचच लागत नाही. फोडी केल्या की थोड्या वेळात त्या तपकिरी पडतात, कारण कापलेल्या भागाला हवा लागते. लिंबू पिळले की हे लांबते. एका वाटीत लिंबू लावलेल्या आणि दुसरीत तशाच ठेवलेल्या फोडी मांडल्या, तर विज्ञानाचा एक तास तिथेच होतो. मीठ-साखर घातली की फळाला पाणी सुटते, म्हणून काळे मीठ, जिरेपूड आणि साखर अगदी शेवटी, वाढताना घालावी. बिया आधीच काढून टाकाव्यात. चुकून एखादी गिळली तर घाबरायचे कारण नाही, पण त्या चावू किंवा वाटू नयेत.

हलव्यासाठी एक किलो सफरचंदे सोलून किसावीत. कीस दोन मोठे चमचे तुपावर घालून पाणी आटेपर्यंत परतावा. सफरचंदात 85 टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. कढईभर कीस हळूहळू निम्म्यावर येतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. मग 100 ग्रॅम साखर, तेवढाच खवा आणि वेलदोड्याची पूड. वीस-पंचवीस मिनिटांत पंधरा मुलांना चव घेण्यापुरता हलवा तयार होतो. किसणीवर फोड लहान होत आली की ती बाजूला ठेवायची, हा नियम मात्र आधीच सांगावा. बोटे त्याच वेळी कापतात.

खिरीत एक खाचखळगा आहे. सफरचंदाला आंबटपणा असतो. कच्चा कीस उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटते. म्हणून कीस तुपावर शिजवून गार करावा, आटवलेले दूधही गार करावे आणि मग दोन्ही एकत्र करावेत. आपण उसाच्या मुलखातले, साखरेऐवजी गूळ घालायचा मोह होतोच. तोही उकळत्या दुधात नको. दूध कोमट झाल्यावर घालावा.

आणि ‘ॲपल पाय’च हवा असेल तर उत्तर तव्यावर आहे. बारीक चिरलेले सफरचंद, गूळ आणि चिमूटभर दालचिनी तुपावर मऊ करून घ्यायची. हे सारण शिळ्या पोळीच्या अर्ध्या भागावर पसरून पोळी दुमडायची आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायची. पोळी आली की हा पदार्थ एकादशीला चालत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आता रोज्याच्या मुलाकडे वळू. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही. तरी घरातल्यांचे बघून अनेक मुले हौसेने एखाद-दुसरा रोजा धरतात. त्या मुलाला वजन करायला, वेळ बघायला, रंग आणि वास ओळखायला बसवावे. हलवा तूप सोडू लागला हे जिभेला नव्हे, डोळ्यांना कळते. चव घ्यायचे काम शेजारच्या मित्राचे. ‘साखर बरोबर आहे का?’ असे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने खरे सांगायचे. एकादशी धरलेल्या मुलीसाठी कोणी साबुदाण्याचा डबा वेगळा ठेवतो, त्यातलाच हा भाग आहे.

अकलूजला हे शिकवावे लागू नये. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी नीरा ओलांडून गावात येते आणि सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर रिंगण होते. दमून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग खाणे विचारायचे, हे इथली मुले दरवर्षी बघतात. इफ्तारच्या दस्तरखानावरही तेच असते.

बेत शाळेच्या शेवटच्या तासाला ठेवावा. बाकीच्यांनी तिथेच खावे, रोज्याच्या मुलाचा वाटा झाकणाच्या डब्यात आधी काढून ठेवावा. आधी काढणे महत्त्वाचे. उरलेले देणे आणि वाटा राखणे यातला फरक मुलांना लगेच कळतो. या दिवसांत अकलूजला सूर्य साडेसहाच्या थोडा पुढेमागे मावळतो. तोवर हलवा गार होतो, पण बिघडत नाही. अजान झाल्यावर घरच्यांसमोर तो डबा उघडेल, तेव्हा पदार्थ कोणी केला हे मूल सांगेलच. चव कोणी बघितली, तेही सांगेल.