नैरोबीत तीन दिवस थांबा

आफ्रिकेच्या सहलीचं माहितीपत्रक उघडलं की पहिल्या दिवसाच्या रकान्यात हमखास एकच ओळ असते : नैरोबी आगमन, हॉटेलवर विश्रांती. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गाडी मसाई माराच्या पाच-सहा तासांच्या रस्त्याला लागते. केनियाची राजधानी प्रवाशाच्या वाट्याला येते ती गाडीच्या काचेतून दिसेल तेवढी. हा हिशेब मला पटत नाही. सिंह बघायचेच आहेत, पण त्यासाठी हे शहर वगळायचं काही कारण नाही. निदान आपल्या पट्ट्यातल्या माणसाने तरी वगळू नये. वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर ही रेल्वेवर जगणारी गावं आहेत आणि नैरोबीचा जन्मच रेल्वेच्या पोटी झाला.

तशी पूर्व आफ्रिकेची आणि आपली ओळख रेल्वेच्याही फार आधीची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्यावरचं सोपारा आहे आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ऱ्हाप्टा हे बंदरही आहे. ज्या सोपाऱ्याचं नाव आज लोकलच्या पाटीवर नालासोपारा म्हणून लागतं, तेच हे. नैरोबी मात्र त्या मानाने अगदी पोर. १८९९च्या मे महिन्यात मोम्बासाहून निघालेले रूळ इथल्या दलदलीच्या माळावर पोहोचले, पुढे डोंगरचढ होता म्हणून इथे सामानाचा तळ पडला, आणि त्या तळाची राजधानी झाली. आपल्याकडची बी.बी. अँड सी.आय. रेल्वे १८६४ सालीच ग्रँट रोडपर्यंत आली होती. म्हणजे वैतरणेवरून आगगाडी धावू लागल्याला पस्तीस वर्षं झाली, तेव्हा कुठे नैरोबी नावाचं स्टेशन उभं राहिलं.

हे रूळ टाकले हिंदुस्थानी मजुरांनी. १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार माणसं करारावर तिकडे गेली. बहुतेक पंजाबची, कराची बंदरातून चढलेली. त्यात मराठी माणूस शोधायचा अट्टहास करण्यात अर्थ नाही. जवळजवळ अडीच हजार तिथेच मेली, पावणेसात हजारांच्या आसपास करार संपल्यावर तिथेच राहिली. इंग्लंडमध्ये या रेल्वेला वेड्यांची रेल्वे म्हणून हिणवलं जात होतं. मागोमाग हिंदुस्थानातून बाकीचा संसारही गेला. चलन म्हणून १९२०पर्यंत रुपया चालला आणि भारतीय दंड संहिता १९३०पर्यंत तिथल्या कोर्टात लागू होती.

म्हणून पहिला दिवस रेल्वे म्युझियमला द्यावा. जुन्या स्टेशनजवळचं हे संग्रहालय १९७१ साली सुरू झालं. वाफेची इंजिनं उघड्यावर उभी आहेत, त्यांवर चढता येतं, आणि लहान मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस सहज जातो. मी म्हणेन, एका डब्यासमोर मात्र जरा जास्त वेळ थांबा. १९०० सालच्या जूनमध्ये किमा स्टेशनात नरभक्षक सिंहाची शिकार करायला चार्ल्स रायल नावाचा पोलीस अधिकारी या डब्यात दबा धरून बसला. रात्री डोळा लागला आणि सिंहच डब्यात शिरून त्याला घेऊन गेला. त्याआधी १८९८ साली त्सावो नदीवरच्या पुलाचं काम दोन सिंहांनी महिनोन् महिने रखडवलं होतं. त्यांना मारणाऱ्या पॅटरसन या इंजिनिअरने पुढे पुस्तक लिहून नाव कमावलं. बळी गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचा आकडा त्याने २८ दिला. ते दोन सिंह नैरोबीत शोधू नका. त्यांची कातडी १९२४ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकली गेली आणि पेंढा भरलेले सिंह तिथेच आहेत.

आता तयारीचं बोलू, कारण खरी फजिती तिथेच होते. केनियाने जानेवारी २०२४पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला आहे. निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून तो घ्यावा लागतो. गूगलवर वर दिसणारी पहिली साइट सरकारीच असेल असं समजू नका, दुप्पट पैसे उकळणारे दलाल तिथेच दुकान थाटून बसलेले असतात. दुसरी गोष्ट पीतज्वराची लस. बरेच जण समजतात की ही केनियात शिरण्यासाठी लागते. थेट भारतातून जाणाऱ्याकडे ते कागद मागत नाहीत, मागतात ते परत येताना, आपल्याच विमानतळावर. केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो आणि आपल्याकडे त्या रोगाला वाहून नेणारा डास मुबलक. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलगीकरणात ठेवतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं आणि मग जन्मभर चालतं. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. पालघरहून त्यासाठी मुंबईची एक खेप धरावीच. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, त्या वयात या लशीचा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते.

तिसरी अडचण आपल्या फराळाची. ऑगस्ट २०१७मध्ये केनियाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि ती बंदी जगातल्या अत्यंत कडक बंद्यांपैकी एक मानली जाते. महाराष्ट्राची बंदी त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च २०१८मध्ये आली. आपल्या बंदीचं पुढे काय झालं ते बोईसरच्या बाजारात कुणीही सांगेल. तिकडे मात्र विमानतळावर सामानातली कॅरीबॅग काढून घेतात. चिवडा, चकल्या, थालीपीठाची भाजणी स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत भरावी. घोलवडचे चिकू नातलगांना न्यायचा मोह आवरा. ताजी फळं, रोपं, बियाणं परवान्याशिवाय चालत नाहीत.

कपड्यांबद्दल आमच्याकडची माणसं हमखास चुकतात. विषुववृत्त म्हटलं की सुती सदरे भरतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास १,८०० मीटरवर आहे. जुलै-ऑगस्टच्या रात्री तिथे स्वेटर लागतो आणि तारापूरच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाचे ओठ दोन दिवसांत फुटतात. उंचीमुळे शहरात मलेरियाची भीती कमी, पण मोम्बासाला किंवा किसुमूला पुढे जाणार असाल तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. पावसाचं गणित आपल्यासारखं एकहाती नाही. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत छोटा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्याला हा छोटा पाऊस गाठतो, आणि माऱ्यातल्या विल्डबीस्टच्या स्थलांतराचं तोवर फक्त शेपूट उरलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे आणि छान. तिथले विजेचे प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे, तेव्हा अॅडॉप्टर घरूनच न्या. घड्याळ अडीच तास मागे करा.

मुंबईहून केनिया एअरवेजचं थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. माझ्या मते त्याहून अवघड टप्पा बोईसर ते विमानतळ. मनोरवरून महामार्गाने गेलात तर वसई-घोडबंदरच्या कोंडीत विमान चुकण्याची भीती खरी आहे. डहाणूची लोकल २०१३पासून सुरू आहे. ओझं उचलता येण्यासारखं असेल तर अंधेरीला उतरून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून भुयारी मेट्रोने टर्मिनल दोन, हा रस्ता वेळेच्या बाबतीत जास्त भरवशाचा.

नैरोबीत उतरल्यावर दोन सवयी बदलाव्या लागतात. पहिली, रस्त्यात उभं राहून मोबाइल पाहण्याची. शहराला चोऱ्यांवरून पडलेलं टोपणनाव उगाच नाही. दिवसा मध्यवर्ती भागात बिनधास्त फिरा, पण दागिने हॉटेलात ठेवा आणि अंधार पडल्यावर दोन चौक जायचे असले तरी अॅपवरून टॅक्सी बोलवा. रंगीबेरंगी चित्रांनी आणि कर्णकर्कश गाण्यांनी भरलेल्या मटाटू नावाच्या मिनीबस बघायला मजेदार आहेत. मात्र त्यात बसायचं ते सोबत स्थानिक ओळखीचं कुणी असेल तरच. दुसरी सवय रोख पैशांची. आपण यूपीआयचं कौतुक करतो. केनियात एम-पेसा २००७पासून आहे, भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे मोबाइलवरच घेतात. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतलं की तुम्हालाही ते वापरता येतं.

नैरोबी नॅशनल पार्क १९४६ साली स्थापन झालं. ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानापेक्षा किंचित मोठं, आणि शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर. गवतात गेंडा चरतोय आणि त्याच्या पाठीमागे काचेच्या इमारती, असं दृश्य इथे रोजचं. सिंह, जिराफ, काळे गेंडे आहेत, हत्ती नाहीत. हत्तींसाठी शेजारच्या शेल्ड्रिक अनाथालयात जावं. आई गमावलेली पिल्लं तिथे सकाळी अकरा ते बारा एवढाच वेळ लोकांना बघता येतात आणि त्यासाठी आधी नोंदणी लागते. उद्यानाच्या फाटकावर रोख घेत नाहीत, तिकीट ऑनलाइनच काढा आणि सकाळी उघडताच आत शिरा. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंताला आग लावली ती जागाही याच उद्यानात. नव्या रेल्वेचा सहा किलोमीटरचा पूल उद्यानावरूनच जातो. पर्यावरणवाले तो नको म्हणत होते, सरकारने बांधला. वाढवणचं बंदर ज्यांच्या दारात येतंय, त्यांना या वादात काही नवं वाटणार नाही.

मध्यवर्ती भागात जीवनजी गार्डन आहे. कराचीचे बोहरा व्यापारी ए. एम. जीवनजी यांनी रेल्वेला मजूर पुरवले आणि १९०६ साली ही बाग शहराला दिली. भर दुपारी तिथे बाकांवर माणसं झोपलेली आणि कोपऱ्यात उभे राहून प्रवचन देणारे दोन-तीन धर्मोपदेशक, बघण्यासारखं एवढंच. पण या गजबजलेल्या भागात झाडाखाली फुकट बसायला मिळणारी जागा म्हणून ती मोलाची. केनयाटा कन्व्हेन्शन सेंटरच्या २८ मजली इमारतीच्या गच्चीवरून शहराचा नकाशा डोक्यात बसतो, म्हणून ते आधी करावं.

नैरोबी विद्यापीठाच्या आवारात गांधीजींचा पुतळा आहे. १९५६ साली उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी त्याचं अनावरण केलं. या विद्यापीठाच्या उभारणीत तिथल्या हिंदी लोकांच्या गांधी स्मारक निधीचा मोठा वाटा होता. इथे मराठी वाचकाने एक नाव आठवावं. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत. सूर्यनमस्काराचा प्रसार करणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. १९३९ साली राजाने आपणहून रयतेच्या हाती कारभार सोपवला, त्या औंध प्रयोगात गांधीजींच्या सल्ल्याने यांनी प्रत्यक्ष काम केलं. नेहरूंनी १९४८ साली त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला पाठवलं. त्या काळी गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला आणि आपल्यालाही शिरता येत नसे. पंतांच्या घरी मात्र आफ्रिकी पुढाऱ्यांची ऊठबस असे, आफ्रिकी मुलांसाठी त्यांनी भारतात शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांनाही ते परखडपणे सांगत की आफ्रिकी माणसाच्या बरोबरीने उभे राहा. १९५२च्या ऑक्टोबरात माऊ माऊ उठावावरून आणीबाणी आल्यावर वसाहत सरकारला हा मुत्सद्दी असह्य झाला. ब्रिटिशांच्या तक्रारींनंतर १९५४ साली त्यांना परत बोलावण्यात आलं. पंतांचं स्मारक नैरोबीत शोधत बसू नका, पण पुतळ्यासमोर उभं राहून ही हकिकत बरोबरच्यांना जरूर सांगा. तिथलं महाराष्ट्र मंडळ गणपती बसवतं. गणेशोत्सवाच्या दिवसांत असाल तर त्यांना आधी कळवून जा.

गोव्याची माणसं इथे कारकून, शिंपी, आचारी, डॉक्टर म्हणून आली. डॉक्टर रोझेंदो रिबेरो १९०० साली आले आणि झेब्र्यावर बसून रोगी तपासायला जात. त्यांचा झेब्र्यावरचा फोटो शहराच्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडतो. पियो गामा पिंटो १९२७ साली नैरोबीतच जन्मले. शिक्षण भारतात झालं, गोवामुक्तीच्या चळवळीत उतरले, परत जाऊन केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगला. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचे मित्र जोसेफ मुरुम्बी, वडील गोव्याचे आणि आई मसाई, १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी पद सोडून आफ्रिकी कलावस्तूंच्या संग्रहाकडे वळले. तो संग्रह नैरोबी गॅलरीत, १९१३ सालच्या जुन्या कचेरीत आहे. तासभर पुरतो. माझ्या लेखी तिथलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात कमी गर्दीचं दालन तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पार्कलँड्सजवळच्या सिटी पार्कला जा. पिंटोंची कबर तिथे आहे. शक्य तितकं त्यांच्या जवळ आपल्याला पुरावं, ही मुरुम्बींची इच्छा होती, तीही पाळली गेली. दुपारी उशिरा किंवा एकटं जाऊ नका, टॅक्सी थांबवून ठेवा, आणि खाण्याची पिशवी हातात मिरवू नका, इथली माकडं ती ओढून नेतात. खायचंच असेल तर पार्कलँड्समध्येच डायमंड प्लाझा आहे. तिथे मारू भजी मागा. बटाट्याच्या चकत्या बेसन-कोथिंबिरीत घोळवून तळलेल्या, नैरोबीच्या गुजरात्यांनी जगभर नेलेल्या. सोबत टोमॅटोची पातळ चटणी देतात. चहाला ते चायच म्हणतात, पण साखर वेगळी देतात.