निमो घरी आणण्याआधी

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा खारे पाणी कुठून आणायचे हा प्रश्न नव्हता; समुद्र समोरच होता. आमच्या धामणगाव रेल्वेपासून तोच समुद्र सुमारे सातशे किलोमीटर दूर. तरी केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा, म्हणजे मुलांचा ‘निमो’, घरी हवा असा हट्ट इथल्या घरांतही होतो. गप्पी-मोलीची टाकी आहेच, तिच्यात मीठ टाकले की झाले, असे मुलांना वाटते. तसे होत नाही. पण जमण्यासारखे मात्र आहे.

आधी कायद्याचे बोलू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ आणि समुद्री घोडा यांचा समावेश आहे. वाघही याच अनुसूचीत येतो. या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. दुकानदाराने “थोडंसंच आहे, कोण बघतं?” म्हणत प्रवाळ पुढे केला, तर सरळ नाही म्हणावे. प्रवाळाचा सुकलेला सांगाडाही घेऊ नये. आपल्या महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळाची भिंत उभी राहायला शतके लागतात. तोडायला एक हातोडी पुरते. घरच्या टाकीत सिरॅमिकचे तयार सच्छिद्र खडक रचावेत. मासे त्यांच्या कपारीत तितक्याच आनंदाने राहतात.

आता टाकी. शंभर लिटरपेक्षा लहान नको. पाणी कमी असले की बिघाड लवकर होतो. जुने मासे, वनस्पती आणि रंगीत खडी काढून काच नुसत्या पाण्याने धुवावी. त्या टाकीत पूर्वी तांबेयुक्त औषध वापरले असेल, तर कोळंबी-शंखांसाठी ती वापरू नये; तांबे त्यांना मारक ठरते.

खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी खारट असते, पण ते समुद्राचे पाणी नव्हे. त्यातल्या क्षारांचे प्रमाण वेगळे. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठच आरओच्या पाण्यात विरघळवावे. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलोच्या आसपास. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले की पाणी तयार. ते मोजायचे साधन आधी घ्यावे, मासे नंतर.

पाणी तयार झाले तरी टाकी तयार नसते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. गोड्या पाण्यातले जिवाणू खाऱ्यात फारसे टिकत नाहीत, म्हणून ही वस्ती नव्याने बसवावी लागते. रिकाम्या टाकीत पाणी फिरते ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. चार ते सहा आठवड्यांनी चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की मगच एक-दोन मासे आणावेत. घाई केली तर मासे मरतात, आणि मुले रडतात ती वेगळीच.

आमच्या वऱ्हाडातला खरा शत्रू मात्र मे महिना. या माशांना २५ ते २७ अंश मानवते. आपल्याकडे बाहेर पारा ४५ ला टेकतो. टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, पाण्यावर छोटा पंखा सोडावा. वाऱ्याने पाणी उडून जाते, मीठ मात्र मागेच राहते. म्हणून काचेवर खूण करून रोज कमी झालेले पाणी साध्या आरओच्या पाण्याने भरावे, खाऱ्या पाण्याने नव्हे. वीज गेली की प्राणवायू घटतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. ईदला किंवा लग्नाला सगळे गावी जाणार असाल, तर शेजारच्या चाचींना ही खूण दाखवून जावे.

मासे घेताना ते समुद्रातून पकडलेले की हॅचरीत वाढवलेले, हे विचारावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशाचे प्रजनन यशस्वी केले आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर महिलांना शोभिवंत कोळंबी वाढवण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे. हॅचरीतला मासा घेतला, तर समुद्र रिकामा होत नाही आणि असा रोजगारही टिकतो.

पाळलेला मुका जीव ही अमानत आहे. सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसण्याचा सबर घरात असेल, रोज पाणी बघणारे एक तरी माणूस असेल, तर निमो जरूर आणा. नसेल, तर गप्पीच बऱ्या. त्याही मुलांना जीव लावायला शिकवतात.