नऊ गुंठ्यांचा एक रंग

इटलीच्या अवकाश संस्थेचा ‘प्रिस्मा’ हा उपग्रह २२ मार्च २०१९ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून प्रक्षेपित झाला, तेव्हा त्याने दोन भिन्न प्रकृतींचे नेत्र बरोबर नेले. एक नेत्र भूमीवरून परावर्तित झालेल्या ४०० ते २५०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची सुमारे २४० अरुंद पट्ट्यांत वाटणी करून कोणती माती, कोणते खनिज, कोणते पीक हे ओळखू पाहतो. दुसरा केवळ कृष्णधवल पाहतो, परंतु बांध आणि वाटा रेखीव दाखवतो.

ही विषमता कारागिरांच्या हयगयीची नसून प्रकाशाच्या जमाखर्चाची आहे. भूपृष्ठावरून सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर वेगाने सरकणाऱ्या यंत्राच्या वाट्याला आधीच अल्प प्रकाश येतो. त्याचेही २४० हिस्से करावयाचे, तर प्रत्येक हिस्सा भरण्यासाठी जमिनीचा मोठा तुकडा एकदम पाहणे प्राप्त होते. म्हणून वर्णपटाचा चित्रबिंदू ३० मीटरांचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा, आणि कृष्णधवल चित्राचा ५ मीटरांचा. पहिल्याच्या एका घरात दुसऱ्याची ३६ घरे मावतात.

या ३६ घरांत एका घराचा रंग न्यायाने कसा वाटावा, हाच दोन्ही चित्रांचा संयोग करून एकच रेखीव रंगीत चित्र घडवण्याच्या विद्येचा गाभा. कोणी कृष्णधवल चित्रातील बारकावा प्रत्येक पट्ट्यात मिसळतो; कोणी त्या नऊ गुंठ्यांत झाड, माती, पाणी यांचे किती अंश आहेत, हे आधी गणिताने सोडवून मगच वाटणी करतो. पहिल्या रीतीत एक खोच आहे. कृष्णधवल नेत्राची दृष्टी ७०० नॅनोमीटरपाशी संपते, आणि त्याला काळसर दिसणारी पालवी त्या सीमेपलीकडच्या निकट-अवरक्त प्रकाशात उजळून निघते. तेव्हा तिची काळोखी जशीच्या तशी तिकडे उतरवली, तर चित्र रेखीव होते आणि साक्ष खोटी ठरते.

अशा चित्राची साक्ष खरी की खोटी हे पारखण्यासाठी लुसियाँ वाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक कसोटी मांडली. दोन्ही चित्रे मुद्दाम सारख्या प्रमाणात स्थूल करावीत, म्हणजे प्रिस्माच्या बाबतीत ३० मीटरांचे १८० आणि ५ चे ३०. मग त्यांच्या संयोगातून ३० मीटरांचे चित्र घडवून ते मुळाशी ताडून पाहावे. कसोटी चोख आहे, परंतु तिचा अंमल ३० मीटरांपर्यंतच चालतो. त्याखालच्या ५ मीटरांवर ताडून पाहण्यास मूळ चित्रच नसल्यामुळे तेथील प्रत्येक रंग हा अनुमानाचा असतो. आणि त्याची खातरजमा करावयाची, तर वर्णमापक हाती घेऊन कोणालातरी त्या नऊ गुंठ्यांत उतरावेच लागते.